हंडा सोडला, फंड राखला

आमचं लग्न का मोडलं ते मी कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. मी बोलत नसे आणि तिला गप्प बसवत नसे, एवढं पुरे. सांगायचंय ते मोडल्यानंतरच्या एका दुपारबद्दल. त्या दुपारचा वैताग अजून गेलेला नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी सोलापूरच्या एका मिलमध्ये मागावर होतो. ती घरी विड्या वळायची. दर महिन्याला माझ्या पगारातून फंड कापला जायचा आणि घरात जे कमी पडायचं ते तिच्या मजुरीतून भागायचं. माझे सोबती बहिणीच्या लग्नाला, घरावरच्या पत्र्याला फंडातून उचल काढत. आम्ही एकदाही काढली नाही. "म्हातारपणी दोघं बसून खाऊ," असं ती म्हणायची. मी मान हलवायचो. नव्या बायकोसमोर मान हलवायला काय लागतं?

कोर्टाची पायरी आमच्यात कुणी चढत नसे. चाळीमागच्या देवळाच्या कट्ट्यावर वडीलधारे पंच बसले. माझ्याकडून मामा, तिच्याकडून होटगीचा भाऊ. काडीमोड झाली ती चुटकीसरशी. खरा खेळ भांड्यांचा. आमच्याकडे नियम एकच: भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. लग्नात तिच्या वडलांनी दिलेल्या परातीवर, पातेल्यांवर त्यांचं नाव होतं, ती तिची. त्यानंतर घेतलेल्या भांड्यांवर माझं. भांडं घेतलं की दुकानातच नाव कोरून घ्यायचं आणि नाव घरधन्याचं घालायचं, ही रीत. पैसे कुणी मोजले ते कोण कोरतो?

अडलं ते तांब्याच्या हंड्यावर. तो तिनं विड्यांच्या मजुरीतून घेतला होता आणि मंगळवार पेठेतून स्वतः कमरेवर घेऊन आली होती.

भाऊ म्हणाला, "हंडा तिच्या पैशाचा हाय."

"नाव वाच की," मामा म्हणाला.

"वाचता येतंय मला. पैसा कुणाचा ते इचारा."

"पैशाला नाव नसतंय पाव्हणं. हंड्याला असतंय."

पंच हसले. चहा आला. पुन्हा हंडा. कोणाच्या तरी चुलत्याच्या काडीमोडीत घंगाळाचं काय झालं होतं, ते एकानं सविस्तर सांगितलं. दुसऱ्यानं ते घंगाळ नव्हतंच, बंब होता, म्हणून वाद घातला. पुन्हा चहा.

शेवटी तीच वैतागली. "हंड्याचं ऱ्हाऊ द्या. फंडाचं बोला. निम्मा मला पायजे. भावाच्या दारात किती दिस पडून ऱ्हाऊ? एक खोली घेते, विड्या वळून खाते."

थोरल्या पंचानं मला विचारलं, "फंडावर नाव कुणाचं?"

"माझं."

"आन् खाली माझं," ती म्हणाली. "हे गेले तर मला मिळणार, असं ह्यांनीच लिवून दिलंय."

"मग थांब की तोवर!" एक जण म्हणाला आणि कट्टा खदखदला.

"नांदताना मी ह्यांचं मरण मागितलं न्हाई," ती म्हणाली. "आता काय त्यासाठी उपास धरू?"

हसू थांबलं. थोरला पंच दाढी खाजवू लागला. हा आता निम्मा म्हणणार, हे मी ओळखलं आणि उठून उभा राहिलो. "हंडा तिला द्या," म्हटलं. "मला काही नको."

पंचांची तोंडं फुलली. "बघा, दिल लई मोठं हाय गड्याचं. बाई, त्यानं हंडा सोडला, तू फंड सोड. झाली बरोबरी."

बरोबरी! एका पारड्यात हंडा, दुसऱ्यात दोघांचं म्हातारपण. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. भावाला कानडीत म्हणाली, "साकु, नडी." पुरे, चल. हंडा तिनं उचलला नाही, भावानं उचलला.

त्या पंचांना मी पुढं वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. मूर्ख म्हातारे, भांड्यापलीकडे अक्कल चालत नाही, असं ज्याला त्याला ऐकवलं. खरं असं, की हंडा मला कधीच नको होता. "हंड्यावर अडून बस," हे आदल्या दिवशी मामाला मीच सांगितलं होतं. हंड्यावर दुपार गेली की पंच दमतील आणि मग तो सोडला की मी मोठा ठरेन. पंच मूर्ख नव्हते. मी त्यांना बरोबर ओळखून होतो, इतकंच.

पुढच्या पगाराला फंडावरचं तिचं नाव काढून आईचं घातलं. आई गेली तेव्हा मिलच्या कारकुनानं विचारलं, "आता कुणाचं?" मी हातातला कागद उलटसुलट करत राहिलो. मागं रांगेतले लोक ओरडायला लागले.

रविवारी होटगीला गेलो. भावाच्या घरामागं पत्र्याच्या आडोशाला ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तुझं नाव परत घालतो म्हणालो. मला वाटलं होतं, निदान पाणी तरी देईल.

"परत तुमच्या मरणाची वाट बघायला लावू नगा," ती म्हणाली. "द्यायचं तर जिवंतपणी द्या."

मी घरासाठी म्हणून उचल मागितली. त्यासाठी इतके खेटे घातले, की साहेबाच्या शिपायानं मला बसायला स्टूल द्यायला सुरुवात केली. मिळाली ती निम्म्यापेक्षा बरीच कमी. नेऊन दिली. तिनं ती पदरात बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि विचारलं, "बाकीचं कवा?"

मी चिडलो. एवढं करून वर हेच ऐकायचं? गाडी चुकेल म्हणून उठलो आणि स्टेशनावर येऊन तासभर बसलो; गाडीला वेळ होता. तिनं विचारलं त्यात चुकीचं काहीच नव्हतं. उचलीतून भावाच्या परसात खोली उभी राहिली, तिला दार मात्र अजून गोणपाटाचं आहे. मला रिटायर व्हायला अवकाश आहे. बाकीचं द्यायचं राहिलंय.