जोगळेकरचं रीडिंग

“हे आकडे तुम्ही सुईकडे बघून लिहिलेत, की भिंतीकडे?”

परीक्षकांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. जोगळेकर टेबलापाशी ताठ उभा होता. हातात पेन्सिल, कान लाल.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. कल्याणच्या एका लहानशा कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे यंत्रं मांडायची, बिघडली तर दुरुस्त करायची, आणि इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तोंडाला कुलूप लावायचं. परीक्षक बाहेरून यायचे. उमेदवाराशी आम्ही अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम.

जोगळेकरला टॅन्जन्ट गॅल्व्हनॉमीटर आला होता. नाव जड, वस्तू साधी. तांब्याच्या तारेचं उभं कडं आणि त्याच्या मधोमध एक होकायंत्र. तारेतून करंट सोडला की कड्याला चुंबकाचा गुण येतो आणि सुई उत्तर सोडून वळते. किती अंश वळली त्यावरून करंट काढायचा. मग तोच करंट उलट्या दिशेने सोडायचा. सुई दुसऱ्या बाजूला तितकीच वळली पाहिजे. एखाद-दुसऱ्या अंशाचं कुणी मनावर घेत नाही. जोगळेकरच्या वहीत एका बाजूला छत्तीस होते आणि दुसऱ्या बाजूला एक्कावन्न.

“आत्ता सुई चव्वेचाळीसवर आहे,” परीक्षक म्हणाले. “तुम्ही लिहिलंत छत्तीस.”

“सर, मला छत्तीसच दिसलं.”

“म्हणजे माझ्यासाठी तिने निराळा आकडा काढला? पुन्हा घ्या.”

परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. जोगळेकर पुन्हा वाकला. सुईखाली आरसा असतो. डोळा बरोबर वर आणायचा, सुई आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा. त्यात याच्या चष्म्याचा नंबर मोठा. सुईला नाक लागेल इतका तो वाकायचा. टर्ममध्ये दोघादोघांच्या जोड्या असत, तेव्हा वाचायचं काम याचा जोडीदार करायचा आणि हा गणित सोडवायचा. परीक्षेला जोडीदार कुठून आणणार?

त्याने आकडा लिहिला. परीक्षक आले. तो झटकन उठून उभा राहिला. सुई चव्वेचाळीसवर. वहीत सदतीस.

“असं मी चालवून घेणार नाही,” परीक्षकांनी लाल पेन्सिलीने वहीत शेरा मारला. “खोटे आकडे लिहिल्याचा रिपोर्ट जाईल.”

रिपोर्ट म्हणजे वर्ष गेलंच, फ्रीशिपही गेली. आणि फ्रीशिप गेली की याचं कॉलेज संपलं. टिटवाळ्यात एका खोलीत मायलेक राहायचे. वडील नव्हते. आई चार घरी स्वयंपाक करायची. हे मला ठाऊक होतं, परीक्षकांना असायचं कारण नव्हतं.

पण मला खटकत होतं ते दुसरंच. आकडे पाडणारी मुलं मी ढिगाने पाहिली होती. उत्तर आधी काढतात, मग आकडे मागून लिहितात. डावी-उजवी बाजू कशी तंतोतंत जुळते! इतकं वाईट रीडिंग फक्त प्रामाणिक मुलगाच लिहू शकतो.

“सर,” मी म्हटलं, “यंत्र तपासू का? यंत्राशी बोलायला मला मनाई नाही.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. “तपासा.”

जोड घट्ट होते. सुई मोकळी फिरत होती. बॅटरी ठणठणीत. टेबलाखाली हात घालून पाहिलं, खिळा नाही की पट्टी नाही. या सुईला लोखंड जवळ आलेलं खपत नाही, ती लगेच तिकडे ओढ घेते. म्हणून घड्याळं, चाकू दाराशीच काढून ठेवा, अशी दारावर पाटीच होती.

“खिशात काही आहे?” परीक्षकांनी विचारलं.

जोगळेकरने दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल आणि रेल्वेचा पास. खाली लेंगा, त्यामुळे पट्ट्याचं बक्कलही नाही.

“घ्या रीडिंग. माझ्यासमोर.”

तो वाकला. मी त्याच्याकडे न बघता सुईकडे बघत राहिलो. तो खाली येत गेला तशी सुई हळूच सरकली. चाळीस, अडतीस, छत्तीस. तो उठला. सुई मुकाट्याने चव्वेचाळीसवर परतली.

“सर, सुई याच्यामागे फिरतेय.”

“काहीतरीच! सरका बाजूला.” परीक्षक स्वतः वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग उठले, पुन्हा वाकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“माझ्याही मागे फिरतेय,” ते म्हणाले.

आणि त्यांचा हात आपोआप कोटाच्या आत, पोटाकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी जोगळेकरकडे पाहिलं. मघाचं अहोजाहो कुठच्या कुठे गेलं.

“अरे, तुझ्या जानव्याला किल्ली आहे का रे?”

“आहे, सर.”

“मग मघाशी बोलला का नाहीस?”

“सर, तुम्ही खिशाचं विचारलंत.”

परीक्षकांनी कोटाची बटणं सोडली आणि सदऱ्याखालून स्वतःची किल्ली बाहेर काढली. चांगली करंगळीएवढी, लोखंडी, ट्रंकेची. लॅबमधली सगळी मुलं बघत होती. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

जोगळेकरची किल्ली सुटेना. खोलीची किल्ली त्याने एकदा हरवली होती, कोयंडा उचकटावा लागला होता. तेव्हा आईने स्वतःच्या हाताने जानव्याला निरगाठ मारून दिली. “जानवं तरी हरवणार नाहीस,” म्हणाली होती. शेवटी परीक्षकच गुडघ्यावर बसले आणि नखाने ती गाठ सोडवली.

दोन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, “तुम्ही आता व्हरांड्यात उभे राहा. लांब.”

राहिलो. खिडकीतून दिसत होतं तेवढं पाहिलं. डावीकडे चव्वेचाळीस, उजवीकडे त्रेचाळीस. परीक्षकांनी लाल शेरा खोडला, बाजूला सही केली आणि गेलेला वेळ भरून दिला. जोगळेकर पास झाला. पुढे टेलिफोन खात्यात लागला, हे त्याची आईच पेढे घेऊन सांगायला आली.

लॅबच्या दारावरच्या पाटीत मी एक ओळ वाढवली: ‘जानव्याची किल्लीसुद्धा.’ आणि मुलांना सांगून टाकलं, मी टेबलापाशी आलो तरी कुणी उठायचं नाही, वाकला असाल तर वाकलेलेच राहा. स्टाफरूममध्ये कुरकुर झाली, मी मुलांना बेशिस्त लावतोय म्हणून. लावत होतो खरा. आपण जवळ गेलो की मुलगा ताठ उभा राहतो, आणि वाकल्यावर त्याला काय दिसत होतं ते आपल्याला दिसायचं राहूनच जातं.