चर्चमधली वाहवा

आमच्या बाबांनी जन्मभर शास्त्रीय गाण्याच्या बैठकी पहिल्या रांगेत बसून ऐकल्या. एखादी जागा आवडली की मांडीवर थाप आणि तोंडात ‘वाहवा’. यंदा शेजारच्या रूथबाईंनी त्यांच्या चर्चमधल्या नाताळच्या गाण्यांना आग्रहानं बोलावलं, तेव्हा मी बाबांना बजावलं होतं, “तिथं सगळे गप्प बसून ऐकतात हं.”

बाळ येशूच्या पाळण्याचं गीत सुरू झालं. रूथबाई आणि इतर बायकांचे आवाज वर चढत होते, पुरुषांचे खालून त्यांना तोलून धरत होते. शेवटच्या ओळीला, झोपलेलं मूल अलगद पाळण्यात ठेवावं, तसे सगळे मिळून खाली उतरले. त्या शांततेत बाबांचं खणखणीत “वाहवा!” घुमलं. पुढच्या चार रांगांनी मागे वळून पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पण बाबांनी तरी दुसरं काय करायचं? गाणं भिडलं आणि तोंडून काही निघालं नाही, तर त्यांच्या मते तो गाणाऱ्याचा अपमान. इथल्यांच्या लेखी गप्प राहणं हाच मान. वळून बघणाऱ्यांचे डोळे मात्र बाबांच्या डोळ्यांइतकेच ओले होते.

दुसऱ्या दिवशी रूथबाई करंज्यांचं ताट घेऊन आल्या. बाबा ओशाळून म्हणाले, “काल चुकलंच माझं.”

“असू द्या हो काका,” त्या म्हणाल्या. “आम्ही गातो ते देवासाठी. पण तीस वर्षांत तो एकदाही वाहवा म्हणाला नव्हता.”