संक्रांतीच्या काळ्या साड्या आणि तात्यांचा कॅमेरा

पोलीस सेवेतली कितीतरी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुणी कुठली मोटारसायकल नेली होती असं विचारलंत, तर मला धड सांगता येणार नाही. पण सणसर-भवानीनगर भागातली ती बॅटरीचोरी काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. हलणार तरी कशी? बारामतीत आमच्या सोसायटीत कुणाला घरावर छोटा कॅमेरा लावायचा असला की पहिली बेल माझ्याच दाराची वाजते. "मॅडम, रात्रीचं रस्त्यावरचं नीट दिसेल असा कुठला घ्यावा?" मी म्हणते, आधी बसा, चहा घ्या. मग त्यांना ही हकिगत ऐकावीच लागते. आता तुम्हीही ऐका. नावं मात्र कुणाची सांगणार नाही. ती माणसं आजही त्याच गल्लीत राहतात.

मी तेव्हा सहायक फौजदार होते. बारावीनंतर भरतीला उभी राहिले, शिपाई म्हणून लागले आणि बाकीचं सगळं ठाण्यातच शिकले. पंचनामा लिहायला मला कुणी शिकवलं नाही. जुन्या हवालदारांचे पंचनामे घरी बसून उतरवून काढायचे, तसा हात बसला. त्या गावांचं बीट माझ्याकडं होतं.

ऊसतोडीचा हंगाम होता. तुम्हाला माहीतच आहे, हंगामात आमच्याकडं ट्रॅक्टर घरी कमी आणि रस्त्यावर जास्त असतात. भरलेल्या ट्रॉल्या गल्लीच्या कडेला लावून ड्रायव्हर चार घास खायला, अंग टाकायला जातो. अशा उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या पहाटे गायब व्हायला लागल्या. बॅटरी गेली की ट्रॅक्टर जागीच. ऊस वाळतो, वजन घटतं, कारखान्याचा नंबर हुकतो. लोक चिडणार नाहीत तर काय.

गल्लीच्या तोंडाशी तात्यांचं घर. तात्या म्हणजे मोठे बागायतदार, स्वभावाने मोकळे, पण आपलं तेच खरं म्हणणारे. चोऱ्या सुरू झाल्यावर त्यांनी एक छोटासा कॅमेरा मागवला आणि नारळ फोडून, हळदकुंकू वाहून दारासमोरच्या खांबावर बसवला. त्याचं चित्र बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर. "बातम्या बघण्यापरीस आपली गल्ली बरी," म्हणायचे.

आणि नेमकी त्यांच्याच ट्रॅक्टरची बॅटरी गेली.

कॅमेऱ्यात चोर आला होता. तोंडाला फडकं, उजव्या खांद्यावर बॅटरी आणि अंगात पांढरंशुभ्र कापड. खांबावरचा दिवा बरेच दिवस बंद होता, त्यामुळं चित्र काळंपांढरं. तात्यांनी ती क्लिप ठाण्यात आणण्याआधी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. ते फिर्याद द्यायला ठाण्याची पायरी चढेपर्यंत इकडं गावाचा निकाल लागूनही गेला होता. चोर म्हणजे दूधवाला अण्णा.

अण्णाच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती मोडून त्यांनी म्हशी केल्या आणि अण्णा घरोघरचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. पहाटे अंधारातच त्याची फेरी. अंगात कायम पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा. आता बोला. वेळ तीच, गल्ली तीच, कापडंही तीच.

त्यात ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "दूधवाल्याच्या गोठ्यात बघा, बॅटऱ्या हायत." पंच घेऊन आम्ही गोठ्याची झडती घेतली. पेंडीची पोती उलटीपालटी केली. काही नाही.

अण्णाला चौकशीला बोलावलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. खोटं बोलणाऱ्याची उत्तरं तयार असतात. अण्णाकडं एकही उत्तर नव्हतं, उलट तोच मला विचारत होता.

"मॅडम, बॅटरी घेऊन मी काय करू? म्हशीला लावू व्हय?"

"क्लिपमध्ये तुझ्यासारखाच माणूस दिसतोय."

"दिसतोय खरं. मलाबी माझ्यावानीच दिसला. पण मी न्हाय त्यो." मग म्हणाला, "आज किटल्या रिकाम्या परत आणल्या. बायका दारातूनच म्हंत्यात, आज दूध न्हाय. समद्या गावाच्या म्हशी एकाच दिवशी आटल्या का, मॅडम?"

मला तिथं कळलं की हा गुन्हा आता बॅटरीचा राहिला नाही. अटक दाखवली आणि उद्या हा निर्दोष सुटला, तरी या माणसाच्या किटलीत कुणी दूध ओतणार नव्हतं. ज्याच्यावर विश्वास ठेवून बायका उजाडायच्या आत दार उघडतात, त्याचा धंदाच विश्वासाचा.

साहेब म्हणाले, "क्लिप आहे, फिर्याद आहे, अटक का नाही?" मी म्हटलं, "साहेब, संक्रांतीपर्यंत थांबा. मूळ रेकॉर्डिंगची पेटी जप्त करून नीट बघते, मग बोला." साहेबांनी नाराजीने मान हलवली, पण हो म्हणाले.

संक्रांतीच्या संध्याकाळी दिवेलागणीला मी तात्यांकडं गेले, ती जप्तीचा पंचनामा करायला. पण सणाच्या दिवशी घरात शिरलेल्या बाईला कोण सोडतंय? तात्यांच्या सूनबाईंचं हळदीकुंकू होतं. ही सूनबाई घरात शिलाई मशीन चालवायची, अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडं.

"मॅडम, वर्दी असू द्या न्हायतर काय असू द्या, कुंकू लावल्याबिगर जाऊ देणार न्हाय," म्हणून तिनं मला टीव्हीसमोर बसवलं आणि हातात तिळगूळ दिला.

टीव्हीवर गल्ली दिसत होती. अंधारातून बायकांचा घोळका येत होता. मी तिळगूळ तोंडात घालता घालता थांबले. सगळ्या पांढऱ्या साड्यांत!

"अगं, ह्या कोण? हळदीकुंकवाला पांढऱ्या साड्या नेसून?"

तेवढ्यात त्या हसत-खिदळत उंबरा ओलांडून आत आल्या. एकजात काळ्या साड्या. संक्रांतच ती, दुसरं काय नेसणार?

मी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा बायकांकडं. सूनबाई म्हणाली, "त्यो टीव्ही बघू नका, मॅडम. त्यात अंधार पडल्यावर माझाबी काळा ड्रेस पांढरा दिसतोय."

तात्या ताडकन उठले. "मग मला कधी बोलली न्हाईस!"

"तुमी इचारलं कधी? तुमच्या कॅमेऱ्याला नावं ठेवायची कुणाची छाती हाय ह्या घरात?"

मी बायकांना म्हटलं, जरा परत गल्लीत जा आणि एकेक करून या. त्यांना मोठी मजा वाटली. एक म्हातारी म्हणाली, "आमची भरती हाय का, बाई? छाती नंतर मोजा, आधी तिळगूळ द्या!" एकेक बाई येत होती आणि मी टीव्हीला डोळे लावून बसले होते. बहुतेकींच्या साड्या पांढऱ्या दिसल्या. म्हातारीची साडी मात्र काळीच राहिली. तिच्या पदराला हात लावून बघितलं, सुती होती. बाकीच्या सिंथेटिक.

पुढं जाणकारांना विचारून घेतलं ते असं. हे स्वस्तातले छोटे कॅमेरे अंधारात एक उजेड टाकतात, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बरीच काळी सिंथेटिक कापडं तो उजेड परत फेकतात, म्हणून चित्रात पांढरी दिसतात. पण मला त्या संध्याकाळी एवढंच पुरे होतं. चोराच्या अंगात पांढरं कापड होतं, असं आता छातीठोक कुणीच म्हणू शकत नव्हतं.

पुन्हा क्लिप लावली. चोराच्या डाव्या खांद्यावर एक काळा चौकोन होता. आम्ही सगळ्यांनी तो शेणाचा डाग म्हणून सोडून दिला होता. सूनबाई हळदीचा करंडा हातात धरून तशीच उभी राहिली.

"मॅडम, ह्ये ठिगळ हाय. आन् मीच लावलंय."

गावात बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक जण होता. बॅटऱ्या खांद्यावरून न्यायचा, तर अॅसिडनं त्याचं काळं जर्किन खांद्यावर जळलं होतं. सूनबाईंनी त्यावर काळंच ठिगळ मारून दिलं होतं. दिवसा काळ्यावर काळं, कुणाला दिसणार? कॅमेऱ्यात जर्किन झालं पांढरं आणि ठिगळ राहिलं काळं. "जुन्या सुती परकराचा तुकडा हुता," ती हळूच म्हणाली. "त्याला सांगितलं न्हाय मी."

पेटीची जप्ती एक दिवस पुढं ढकलली आणि दुसऱ्या दिवशी त्या बॅटरीवाल्याला ठाण्यात बोलावलं. थंडी होती, गडी जर्किन घालूनच आला. मी चहा मागवला. चांगल्या चहानं माणूस सैल होतो, हे माझं जुनं मत आहे.

"तुम्ही ह्यातले जाणकार. बॅटऱ्या कोण नेत असेल?"

"समद्या गावानं बघितलंय की. पांढरी कापडं. दूधवाला."

"तोंड तर दिसत नाही."

"कापडं दिसत्यात न्हवं?"

"दिसतात खरी," मी म्हटलं. "चला, संध्याकाळी जरा तात्यांच्या गल्लीत फिरून येऊ."

दिवेलागण झाली. दोन पंच बैठकीत टीव्हीसमोर बसवले आणि त्याला सांगितलं, त्या टोकापासून इकडं चालत या. तो आला. आतून तात्यांची आरोळी आली, "आरं, ह्योच की त्यो!" आत आणून त्याला दोन्ही चित्रं दाखवली, जुनं आणि आत्ताचं. तेच पांढरं जर्किन, तोच काळा चौकोन.

"मॅडम, पण ह्ये जर्किन काळं हाय वो!"

"ते मलाही दिसतंय. टीव्हीला दिसत नाही."

त्याचा हात खांद्यावरच्या ठिगळाकडं गेला. तेवढ्यात सूनबाईला राहवलं नाही. "माझ्या परकराची शपथ घिऊन खरं सांगा आता!" पंचसुद्धा हसले.

पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, माल निघावा लागतो. त्यानं स्वतः चालत जाऊन दाखवलं. घरामागं उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगाखाली बॅटऱ्या रचलेल्या. अण्णाच्या गोठ्याची खबर देणारा फोनही त्याचाच. चोरलेल्या बॅटऱ्या धुऊन पुसून, जुना माल म्हणून याच गावात विकायचा बेत होता. जप्ती झाली, रीतसर अटक झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं राहून माझ्याशी हात मिळवला. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण काम तिथं संपलं नव्हतं. मी तात्यांना म्हटलं, "क्लिप जिथं टाकली होती, तिथंच आता खरं काय ते टाका."  तात्यांनी टीव्हीवरचं बायकांचं चित्र आणि घरातला त्यांचा काळ्या साड्यांतला फोटो, दोन्ही शेजारीशेजारी ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, अण्णा, चुकलो. आणि सकाळी स्वतः दुधाची चरवी घेऊन दारात उभे राहिले. सूनबाई म्हणाली, सारी गल्ली दाराआडून बघत होती.

अण्णा सायकलवरून उतरला. चरवीत वाकून बघितलं. म्हणाला, "तात्या, पाणी न्हाय ना घातलं?"

तात्या आधी लाल झाले आणि मग पोट धरून हसले. गल्लीतली दारं एकेक उघडली. त्या दिवशी अण्णाच्या किटल्या भरून गेल्या.

नंतर नवा कॅमेरा घ्यायला तात्या आणि सूनबाई बारामतीला आले, मलाही सोबत नेलं. दुकानदार लख्ख उजेडात चित्र दाखवून म्हणाला, "बघा, केसन् केस दिसतोय!" मी म्हटलं, "दिवे घालवा आणि शटर ओढा." तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकं परत जातील." सूनबाईंनी पिशवीतून आपली काळी साडी काढली. तीनचार कॅमेऱ्यांपुढं ती धरून बघितली. ज्यात काळी काळीच दिसली, तो छोटासा कॅमेरा घेतला. अंधारात तो स्वतःचा मंद पिवळा दिवा लावतो आणि रंग जसेच्या तसे दाखवतो. बसवला तो दाराशी, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. खांबाच्या टोकावरून फक्त टोप्या दिसतात. ट्रॅक्टरचे दिवे समोरून येणार नाहीत असं तोंड केलं, नाहीतर उसाची ट्रॉली आली की चित्र नुसतं पांढरं. आणि महिन्याकाठी त्याच्यावरची कोळ्याची जाळी फडक्यानं पुसायची, हे तात्यांकडून कबूल करून घेतलं.

कॅमेरा जरूर लावा. मला यंत्राचा राग नाही, त्याच यंत्रानं खरा चोर दाखवला. पण ते अंधारात काय दाखवतं आणि काय बदलून दाखवतं, हे आधी आपल्या अंगावरच्या कापडानं तपासा. एखाद्याचं नाव ग्रुपवर टाकायच्या आधी तर नक्कीच.

माझ्या पर्समध्ये आता काळ्या ब्लाउजपीसची एक घडी कायम असते. सोसायटीतलं कुणी कॅमेरा घ्यायला निघालं की मी बरोबर जाते. दुकानदार पूर्वी हसायचा. आता मला पायरी चढताना बघितलं, की न सांगता उठून शटर खाली ओढतो.