सगळ्याला ‘चालेल’ म्हणणारी सौ-हान

सौ-हान पूर्वी अशी नव्हती हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एखाद्या गरीब गाईबद्दल बोलतेय. हाँगकाँगमध्ये क्वून टोंगच्या जीन्सच्या कारखान्यात तिचं मशीन माझ्या शेजारी होतं. मुकादमानं एकदा तिच्या शिलाईला नावं ठेवली, तर तिनं ती पँट त्याच्या अंगावर फेकली. "घाला आणि उकिडवे बसून दाखवा. उसवली तर माझा पगार कापा!" पगार काही कापला गेला नाही. पुढे कारखाना सीमेपलीकडे चीनमध्ये गेला, तेव्हा ती चहाघरात वाफवलेल्या पदार्थांच्या टोपल्यांची गाडी ढकलू लागली. तिथेही गिऱ्हाइकांशी भांडायची, आणि तरी लोक तिच्याच गाडीची वाट बघत बसायचे. मला सगळे मिरची म्हणतात, पण खरी मिरची ती. मी नुसती फोडणी.

मार्चमध्ये तिचा नवरा मान-फाई गेला. सकाळी बाजारात मासा आणायला म्हणून गेला आणि तिथेच कोसळला. अंत्यविधीला ही बाई रडली नाही. आलेल्यांना पाणी विचारत फिरत होती. मला वाटलं, उद्या रडेल. उद्या नाही, पुढच्या आठवड्यात नाही, उन्हाळा संपला तरी नाही. रडणं सोडा, भांडणंही बंद झालं. भात करपला? चालेल. लिफ्ट बंद आहे, बारा मजले चढायचे? चालेल. मँचेस्टरला जाऊन राहिलेला तिचा मुलगा चुन-यिप फोनवर म्हणाला, "आई, घर सरकारला परत कर आणि इकडे ये," त्यालाही तिनं त्याच सुरात "चालेल" म्हणून टाकलं.

हाँगकाँगमधलं सरकारी घर! अर्ज करून लोकांचे केस पांढरे होतात तेव्हा मिळतं ते. एकदा किल्ली परत दिली की दिलीच. सोमवारी किल्ली द्यायची होती. आणि मला विचाराल तर घर गेलं खड्ड्यात, मला माझी मैत्रीण जायला नको होती. मी लग्न केलं नाही. मला पोरंबाळं नाहीत. रोज सकाळी चहाघरात माझ्यासमोर बसणारं माणूस एकच. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

म्हणून मी मकावला, कॅसिनोंच्या गावाला, जायचा बेत आखला. डाव सरळ होता. पत्त्यांच्या टेबलावर सौ-हान पेटायची. एकदा पेटली, एकदा कुणावर तरी ओरडली, की मुलालाही ‘नाही येत’ म्हणेल. तिसरी आमची बिक-हा, खाटकाची बायको, देवापेक्षा शकुन-अपशकुनांना जास्त मानणारी. आमच्याकडे सुतक शंभर दिवसांचं, ते संपायच्या आधी तिनं सौ-हानला पत्त्यांच्या आसपास फिरकू दिलं नसतं.

समुद्रावरच्या पुलावरून मकावची बस निघाली तशी बिक-हानं दोघींच्या हातात संत्रं दिलं. "खा. आणि टेबलावर असताना कोणी माझ्या खांद्याला हात लावायचा नाही. लावला तर आईबापाचा उद्धार करीन."

"तुझ्या खांद्यापर्यंत पोचायला मधली चरबी ओलांडावी लागेल," मी म्हणाले. "सौ-हान, बाई, तू काहीतरी बोल की हिला."

"संत्रं गोड आहे," सौ-हान म्हणाली. तिनं अजून ते सोललंही नव्हतं.

पोचल्यावर कॅसिनोच्या मोठ्या दारानं बिक-हा आम्हाला जाऊ देईना. मोठ्या दारातून शिरणारे कपडे सोडून येतात म्हणे. बाजूच्या दारानं शिरलो, बॅकराचं टेबल धरलं. एक बाजू बँकरची, एक प्लेअरची, नवाच्या जवळ जो जाईल तो जिंकला, एवढाच खेळ. पण आमच्याकडे पत्ता उलटत नाहीत, सोलतात. पालथा पत्ता दोन्ही हातांनी दाबायचा, कडेनं केसभर वर करायचा, आधी ठिपक्यांची रांग बघायची, मग दुसऱ्या बाजूनं. त्या बाजूवर ज्याचे पैसे सगळ्यात जास्त, त्याला सोलायचा मान. आणि बाकीचे ओरडतात, ठिपका नको असेल तर "फुंक! फुंक!" म्हणून. सौ-हान सोलायला बसली की मागच्या टेबलावरचे लोक उठून यायचे. ती पत्त्याशी बोलायची, त्याला शिव्या द्यायची, त्यावर इतकं फुंकायची की मान-फाई म्हणायचा, "घरी चूल पेटवताना हा दम कुठे असतो गं तुझा?"

तासभर आम्ही हरतच होतो. मग बिक-हानं आणि मी आमच्या पैशांच्या चकत्या सौ-हानच्या पुढे सरकवल्या, म्हणजे तिची रक्कम सगळ्यात मोठी होईल आणि पत्ता तिच्याकडे येईल. आला. आमच्या, म्हणजे प्लेअरच्या, बाजूचा पहिला पत्ता राजा होता, म्हणजे शून्य. सगळं दुसऱ्या पत्त्यावर. शेजारचा एक बनियनवाला म्हातारा टेबलावर ओणवा झाला. "चला, ताई! सावकाश! घाई नको!" त्याच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे आणखी कोणी.

सौ-हाननं तो पत्ता उचलला आणि तव्यावरचा मासा उलटावा तसा उताणा टाकला.

राणी. पुन्हा शून्य. मग नियमाप्रमाणे तिसरा पत्ता आला, तोही तिनं तसाच उलटला, आणि बँकर जिंकला. हरल्याचं कोणाला काही नाही, हरतात रोजच. पण न सोलता उलटायचा? पत्त्याला बदलायला वेळच द्यायचा नाही? म्हातारा म्हणाला, "ताई, अहो, जेवणाआधीच ताट उचललंत की!" एरवी सौ-हाननं त्याला तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. ती म्हणाली, "हो ना. चुकलंच," आणि उठून उभी राहिली.

मी इतकी चिडले होते की तिचा हात धरून तिला रस्त्यावर आणलं. खेकड्याच्या पेजेच्या दुकानात जाऊन बसलो. बिक-हा वाडग्यात चमचा आपटत होती.

"हे साधं हरणं नाही. कोणीतरी घर अंधारात ठेवून आलंय. मिरची, तू दिवे लावून निघालीस?"

"सगळे. मोरीतलासुद्धा." जुगाराला निघताना घरातला एकूण एक दिवा जळता ठेवायचा, धनाच्या देवाला घर दिसलं पाहिजे, हे आम्ही तिघी पहिल्यापासून पाळतो.

"मीपण सगळे. सौ-हान, तू?"

"बंद करून आले."

"बंद?" बिक-हाचा चमचा खाली पडला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नवीन आहेस?"

"लावले होते मी," सौ-हान म्हणाली. ती पेजेतून आल्याचे तुकडे काढून कडेला ठेवत होती. "सगळे लावले आणि दाराशी उभी राहिले. मान-फाईला खपत नसे ना. मी चपला घातल्या की आतून ओरडायचा, वीज काय तुझ्या बापाची आहे? मी म्हणायची, हात लावशील तर याद राख. आणि मी लिफ्टपर्यंत पोचले की तो एकेक बंद करत फिरायचा. मला खालून खिडकी दिसायची." तिनं आणखी एक तुकडा काढला. "तर मी उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. कोणी ओरडलं नाही. मग म्हटलं, कोणीतरी बंद करायला हवेत. चपला काढल्या, आत गेले आणि केले बंद."

सगळा उन्हाळा मी त्या घरासाठी भांडत होते, ते घर तिला धरून ठेवेल म्हणून. ते घर तिला खात होतं. रोज ती त्या दाराशी उभी राहत असणार, आणि मी तिला म्हणत होते, तिथेच राहा. माझ्या सकाळच्या चहासाठी.

"जा तू," मी म्हणाले. "चुन-यिपकडे जा. नात आहे तिथे. ती ओरडेल तुझ्यावर दिवसभर."

तिनं वर बघितलं. मला वाटलं, आता ‘चालेल’ म्हणेल, आणि म्हणाली तर हा वाडगा मी तिच्या डोक्यात घालीन.

"तिकडे वीज फार महाग आहे म्हणे," ती म्हणाली. अगदी मान-फाईच्या सुरात, तसंच नाक आक्रसून. तिला ते कळलं नाही. बिक-हाला हसू फुटलं आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये रडले ती मी. हमसून हमसून, लोकांनी वळून बघावं इतकं. सौ-हाननं पर्समधून कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिला, बिक-हानं पुन्हा वाटलेल्या संत्र्यांची माझ्या मांडीवरची सालं गोळा करून पिशवीत भरली आणि खिडकीबाहेर बघत बसली. सोमवारी घराची किल्ली परत द्यायला तिच्याबरोबर मीच गेले.