दत्तूच्या नावासाठी उभ्या राहिलेल्या गिरिजाक्का

दूध संघाच्या संगणक विभागात मी रुजू झाले, त्या सकाळी विभागप्रमुख श्रीमती गिरिजा मगदूम यांनी मला एका यंत्रासमोर बसवलं, स्वतःचा पासवर्ड ठरवायला सांगितला आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. माझं पहिलं शिक्षण शाळेत नव्हे, घरीच आत्याच्या हाताखाली झालेलं. आमच्या घरी पाठ फिरवणं म्हणजे राग. माझे हात थांबले.

"काही चुकलं का, मॅडम?"

"चुकलं न्हाय. तुझा पासवर्ड मी बघायचा नसतोय, म्हणून भिंत बघाय लागलोय. आन् मॅडम न्हाय, अक्का म्हण."

अक्कांच्या साठीनिमित्त आम्ही शिष्यमंडळी हा ग्रंथ काढत आहोत. त्यात लिहिताना माझ्याकडून एखादा शब्द कमी-जास्त होईल, ही धास्ती आहे. म्हणून जे पाहिलं ते आणि जे खात्रीच्या माणसांकडून ऐकलं तेवढंच लिहिते.

नव्वदच्या दशकात राधानगरी, शाहूवाडीकडच्या संकलन केंद्रांवरून दुधाच्या नोंदी टेलिफोनच्या तारेवरून कोल्हापूरच्या मुख्य यंत्रात येत. सगळ्या केंद्रांचा पासवर्ड एकच, आणि तो तारेवरून जसाच्या तसा उघडा जाई. अक्कांनी हे धोक्याचं आहे म्हणून सांगितलं, तर कुणी मनावर घेईना. तेव्हा त्यांनी व्यवस्थापकांना एका यंत्रावर पासवर्ड टाकायला लावला आणि शेजारच्या यंत्रावर तो अक्षर अक्षर उमटलेला दाखवला. "साहेब, कुलूप झ्याक हाय आपलं," त्या म्हणाल्या, "पण किल्ली पोस्टकार्डावर लिवून धाडताय." पुढे काही वर्षांनी सगळ्या जोडण्या सांकेतिक झाल्या. वाटेत कुणी मजकूर पकडला तरी वाचता येईना. प्रत्येक माणसाला वेगळा पासवर्ड मिळाला आणि आपल्या कामापुरतीच मुभा.

माणसांना मात्र हे जड गेलं. आपल्या माणसाला पासवर्ड न सांगणं हा आमच्या भागात अपमानच. "आमच्यावर इस्वास न्हाय व्हय?" असं सरळ तोंडावर विचारत. अक्का शांतपणे म्हणत, "इस्वास हाय म्हणूनच सांगत न्हाय. उद्या काय झालं तर तुझ्यावर नको यायला."

माझ्या भित्रेपणालाही त्या कधी हसल्या नाहीत. जोडणी बंद केली की नाही या शंकेनं मी बसथांब्यावरून परत फिरले, की त्या पिशवी खाली ठेवून म्हणत, "चल, दोघी बघून येऊ."

आता जे लिहायचं ते अवघड आहे. एका पावसाळ्यात राधानगरी केंद्राच्या यंत्राची लाईन पडली. नोंदी अडल्या तर लोकांचं बिल अडणार, म्हणून तिथं नोंदी भरणाऱ्या दत्तूनं गावातल्या दुसऱ्या फोनवरून मुख्य कार्यालयात आपला पासवर्ड सांगितला आणि इथून नोंदी भरून घेतल्या. इथं ज्या खोलीत तो फोन घेतला, तिथं येणारे-जाणारे पुष्कळ. पुढे त्याच पासवर्डनं काही शेतकऱ्यांच्या दुधाची फॅट, म्हणजे ज्यावर दर ठरतो तो स्निग्धांशाचा आकडा, बदललेली सापडली. यंत्रात नाव दत्तूचं. संचालकांच्या बैठकीत कागद द्यायला मी अक्कांच्या मागे उभी होते.

"यंत्र काय खोटं बोलतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"खरंच बोलतंय. दत्तूचा पासवर्ड वापरलाय. कुणी वापरला, ते यंत्राला दिसत न्हाय."

"तुमचा संशय कुणावर?"

"हाय एकावर. पुरावा न्हाय, म्हणून नाव घेणार न्हाय. नुसत्या संशयावर मीबी माणूस धरला, तर तुमच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मग त्या म्हणाल्या, "लाईन पडली तर काय करायचं, ते मी शिकवलं न्हवतं. चूक माझी लिवा."

तसं लिहिलं गेलं. दत्तूची नोकरी राहिली. अक्कांना संगणक विभागातून भांडारात पाठवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

गेल्या वर्षी दत्तू आजारानं गेला. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो होतो. शेवटपर्यंत गावात त्याला "आला फॅटवाला" असं हिणवत, हे तिथं कळलं. चहा ठेवता ठेवता त्याची बायको म्हणाली, "अक्का, नोकरी वाचवलासा. नाव न्हाई वाचलं वो." एसटीनं परतलो. उचगावला अक्कांच्या घरी पोचल्यावर दाराची कडी त्यांना बराच वेळ निघेना. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांचे भरलेले डोळे दिसले.

या लेखाची परवानगी मागायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं काय लिवतीस? दत्तूचं लिव."

"त्यानं केलं नाही, असं लिहू?"

"ते तुला ठाऊक हाय? न्हाय ना? मग जेवढं खरं तेवढंच. त्यानं केलं हे कधी शाबीत झालं न्हाय. छापून येऊ दे. त्याची लेक सातवीत हाय, वाचंल ती."

म्हणून इथे स्पष्ट लिहिते. राधानगरी केंद्राच्या दत्तूनं नोंदी बदलल्या, हे कधीही सिद्ध झालं नाही.

अक्कांना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना बळ राहो. हा ग्रंथ त्या मुलीच्या हाती द्यायला अक्कांनी स्वतः राधानगरीला जायचं ठरवलं आहे. गाडीत त्यांच्या शेजारी मी असेन.