वादी कबीरचं घर सुटलं तेव्हा

पन्नाशी उलटल्यावर कंपनीने मला बॅचलर केलं. इकडे ओमानमध्ये या शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. ज्याची बायको-मुलं गावी, तो बॅचलर; मग त्याला नातवंडं का असेनात. बॅचलरला कॅम्पमध्ये खाट मिळते, मेसचं जेवण मिळतं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवरच्या दोरीचा एक तुकडा मिळतो. त्याआधी कित्येक वर्षं मी फॅमिलीवाला होतो. वादी कबीर नावाच्या वस्तीत कंपनीचा फ्लॅट, बायकोचं आणि मुलीचं मेडिकल कार्ड, शाळेची फी, सुट्टीची तिकिटं. सगळं एका अटीवर: मूल शिकत असलं पाहिजे. शिक्षण सुटलं की सगळंच सुटलं.

मॅनेजर आणि इंजिनीयर लोकांना ही अट नाही. त्यांचं पोर दिवसभर सोफ्यावर लोळलं तरी फ्लॅट त्यांचाच. अट आमच्यासारख्यांना, खालून वर आलेल्यांना. याची चीड मला तेव्हाही होती आणि आजही आहे, आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

मी वसईहून आलो तो स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून. पाइप उचलता उचलता पाइपांचे भाव पाठ झाले, आणि भाव पाठ असलेल्या माणसाला फार दिवस पाइप उचलू देणं कुणालाच परवडत नाही. मला खरेदीत घेतलं. इब्रीपासून सहमपर्यंत असा हार्डवेअरवाला नाही ज्याच्याशी मी भांडलो नाही. माझी रीत एकच. शेवटचा भाव सांगायचा, उठायचं आणि चालू लागायचं. मागे बघायचं नाही. रस्ता ओलांडायच्या आत मागून हाक येते. जो हाक मारतो तो हरतो. मी कधी मारली नाही.

मुलगी लहान असताना शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की माझ्याबरोबर यायची. वादी कबीरलाच दापोलीकडचे एक चाचा नळाचं सामान विकायचे. भाव अडला की तीच माझं बोट धरून ओढायची, "चला पप्पा, नको आपल्याला." बाहेर आलो की हळूच विचारायची, "आता बोलवतील?"

"मागे बघू नकोस."

तेवढ्यात चाचांचा आवाज यायचा, "ओ वसईकर! या, घेऊन जा. आणि पोरीला माझ्याकडे ठेवून जा दुकानात. माझं तरी भलं होईल!" ती हसत हसत परत पळायची. चाचा तिला बरणीतल्या गोळ्या द्यायचे आणि मला म्हणायचे, "तुझ्याशी एक वेळ पटवता येईल रे, हिच्याशी नाही."

दहावीनंतर मी तिला सायन्सला घातलं. इंजिनीयरांच्या मुली सायन्सला होत्या, माझीही जाणार. त्यात विचारायचं काय? अकरावी तिने कशीबशी काढली. बारावीचे वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच एका रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, मला फिजिक्स जमत नाही. म्हणजे रिअली जमत नाही. मला कॉमर्स द्या ना. एक वर्ष मागे गेले तरी चालेल मला."

"कॉमर्स घेऊन काय करशील? दुसऱ्यांचे हिशेब लिहीत बसशील?"

"मग मी जातच नाही स्कूलला."

"नको जाऊस."

सकाळी खाली बसचा हॉर्न वाजला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला आणि बस गेली. ती खोलीचं दार लावून बसली होती. बायको म्हणाली, "अहो, जाऊन बोला तिच्याशी."

"काय बोलायचं? दुकानातून उठून गेली आहे. येईल परत."

"ती काय गिऱ्हाईक आहे?"

"माझ्याच हाताखाली शिकली आहे. मी हाक मारीन म्हणून बसली आहे. मारणार नाही."

काही दिवस बस येत राहिली. मग आमच्या दारात थांबेनाशी झाली. मला ते कळलं, पण मी कुणाला बोललो नाही. मुलगी आईबरोबर पाव भाजायला शिकली. मी कामावरून आलो की तिचं दार बंद व्हायचं. ताटात मात्र तिने केलेला पाव असायचा. चांगला होता. तेही मी बोललो नाही.

कंपनीला दर टर्मला शाळेचं बोनाफाईड द्यावं लागतं. ते आणायला गेलो तर शाळेने सांगितलं, इतके दिवस गैरहजर, नाव कमी केलं आहे. कंपनीत हे लपत नाही. ॲडमिनचा क्लार्क माझ्याकडे न बघताच म्हणाला, "फॅमिली स्टेटस खलास, भाई. पुढच्या महिन्यापासून."

मी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर पुण्याचा, म्हणजे म्हणायला आपलाच.

"पॉलिसी आहे हो," तो म्हणाला. "माझ्या हातात काही नाही."

"पाइपाचा भाव तरी कुणाच्या हातात असतो? मी खाली आणतोच ना?"

"ही खरेदी नाही."

"आणि तुमचा मुलगा? कॉलेज सोडून घरी बसलाय, त्याला काय पॉलिसी लागली?"

"आवाज खाली ठेवा."

"ठीक आहे. मग मला दुसरीकडे बघावं लागेल," असं म्हणून मी उठलो आणि चालू लागलो. कंपनीला माझ्यासारखा खरेदी करणारा मिळणार नाही, हे त्याला माहीत होतं. कॉरिडॉर लांब आहे. मी सावकाश चाललो. तहान नसताना कूलरजवळ थांबून पाणी प्यालो. मागे केबिनचं दार उघडंच होतं आणि आतून कीबोर्डचा आवाज येत होता. लिफ्ट आली. मी आत शिरलो आणि खाली गेलो. नोकरी सोडली नाही. या वयात कोण घेतं?

घरी येऊन सांगितलं. बायको खुर्चीवर बसली. मुलगी दार उघडून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, मी उद्यापासून जाते. सायन्सच. कॉमर्स नको."

इतके आठवडे मी याच वाक्याची वाट बघत होतो. माझा भाव, एक पैसाही कमी न होता. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी तिला शाळेत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बोर्डाची नोंदणी होऊन गेली, आता पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी कुठून यायचं? भाडं आणि फी दोन्ही माझ्या पगारात बसत नव्हतं. आवाज खाली ठेवून पुन्हा मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, फ्लॅट दुसऱ्याला दिलासुद्धा.

शाळेतून परतताना गाडीत ती म्हणाली होती, "सॉरी पप्पा. मला वाटलं तुम्ही बोलवाल."

मी म्हणालो, "सीटबेल्ट लाव."

सामान फार निघालं नाही. फ्रिज खालच्या मजल्यावरच्यांनी घेतला, आणि त्या दिवशी मी घासाघीस केली नाही याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. भिंतीवरचा क्रूस बायकोने साडीत गुंडाळून हँडबॅगेत ठेवला. एवढी वर्षं मी या घराला कंपनीचं घर म्हणत आलो. रिकामं झाल्यावर कळलं की तसं ते कधीच नव्हतं. स्वयंपाकघरात अजून पावाचा वास होता. नवीन माणसाने खिडक्या उघडल्या की तोही जाणार होता.

एअरपोर्टवर आत जायच्या काचेपर्यंत मला सोडलं. बायको पुढे, मागे मुलगी ट्रॉली ढकलत. ती मागे बघत नव्हती. तिला शिकवलं कुणी होतं?

मी हाक मारली. जोरात. चार माणसं वळून बघायला लागली.

ती थांबली. "काय पप्पा?"

काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. "वसईला कॉमर्सलाच ॲडमिशन घे."

"हो."

"फी जास्त सांगितली तर मला फोन लाव. मी बोलतो त्यांच्याशी."

"पप्पा, तिथे भाव नाही करत," ती म्हणाली. ती हसली, पण मग तिला नाक पुसावं लागलं.

रांग पुढे सरकली. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. काचेच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती वळून वळून बघत गेली.