बिनपंख्याचा लॅपटॉप

इंग्लंडात आमच्या बेसिंगस्टोकमधल्या कुठल्याही मराठी घरात जा, तिथला लॅपटॉप शशिधर खानझोडेने निवडलेला असतो. कुणाच्या मुलीला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला की पेढ्यांच्या आधी शशिधरला फोन जातो. तो इथल्या बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो आणि लॅपटॉपचा विषय निघाला की चहा गार होईपर्यंत बोलतो. शेवटी एक ठरलेलं वाक्य असतंच, "बाकी काही घे, पण बिनपंख्याचा घेऊ नकोस. ते खेळणं आहे." या वाक्याच्या धाकाने लोकांनी घेतलेले लॅपटॉप दुकानात परत केले आहेत.

आता या तज्ज्ञाच्या बायकोकडे कुठला लॅपटॉप होता? तर शशिधरचा जुना. त्याने नवा घेतला की जुना श्यामलाकडे, हा त्या घरातला लग्नापासूनचा नियम. मी त्यांच्या शेजारी राहते, श्यामलाची मैत्रीण आहे, आणि हा नियम बघून दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जायची. श्यामलाचं मात्र काहीच म्हणणं नसायचं. "मला ईमेल तर बघायच्या असतात गं," एवढंच.

लग्नाआधी ती नागपूर आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होती. हे मलासुद्धा फार उशिरा कळलं, कारण ती सांगतच नाही. इथे आल्यावर ती एका शाळेच्या ऑफिसात लागली आणि तो आवाज गैरहजर मुलांच्या आईवडिलांना फोन करण्यापुरता उरला. मग गेल्या वर्षी पुण्याच्या एका ऑडिओबुक कंपनीने नवे आवाज मागवले. श्यामलाने जिन्याखालच्या कपाटातून झाडायचा हूव्हर आणि बूट बाहेर काढले, आत सगळीकडून जाड पांघरुणं टांगली आणि तिथे बसून नमुन्याचा उतारा वाचून पाठवला. उत्तर आलं, आवाज आवडला, पण मागे घरघर ऐकू येते, पुन्हा पाठवा. घरघर त्या जुन्या लॅपटॉपला आतून गार ठेवणाऱ्या पंख्याची होती.

"वरदा, मला हे काम हवंय," ती मला म्हणाली. "मी इतकी वर्षं काही मागितलं नाही, पण हे मला हवंय." तिच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शशिधरनेही ते ऐकलं आणि आपल्या पद्धतीने कामाला लागला. दिवाळीचा पाडवा जवळ आला होता. पाडव्याच्या ओवाळणीत काय घालणार हे बायकोला आधी कळू द्यायचं नसतं, ही त्याची पक्की समजूत. म्हणून जगाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या या माणसाने हिला एकही प्रश्न विचारला नाही. पाडव्याला निरांजनाशेजारी जो खोका आला तो पाटावर मावेना. आतला लॅपटॉप गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेला होता. जड म्हणाल तर दोन हातांनी उचलायचा, आणि बटणांखाली लाल-निळे दिवे लुकलुकत होते.

"आमच्या डायरेक्टरकडे पण नाहीये असं मशीन," शशिधर म्हणाला. श्यामलाने ओवाळलं आणि गोड हसली.

शनिवारी ती कपाटात बसली. मी बाहेर पॅसेजमध्ये उभी होते. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आतून मिक्सर लावल्यासारखा आवाज यायला लागला. या लॅपटॉपला एक नाही, दोन पंखे होते. बिचारीने तरी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, त्यातला बरा पाठवला. पुण्याहून तेच उत्तर आलं. फक्त या वेळी एक ओळ जास्त होती, की आता शेवटची संधी, सोमवारपर्यंत.

मग मात्र माझा तोल गेला. "शशिधर, अख्ख्या गावाला विचारतोस ना, कशासाठी हवाय, कुठे वापरणार? हिला विचारलंस कधी?"

त्याची मान खाली. उत्तर श्यामलाने दिलं, अगदी शांतपणे. "मला आवाज न करणारा हवाय. दिसायला कसाही चालेल, स्लो असला तरी चालेल."

"अजिबात आवाज नको म्हणजे..." शशिधर कसाबसा म्हणाला. "म्हणजे बिनपंख्याचाच घ्यावा लागेल."

त्याचा तो चेहरा बघून मला किती आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. शशिधरने या खेपेला प्रोसेसरचं नावसुद्धा काढलं नाही. तो एकेका लॅपटॉपवर वाकून कळफलकाला कान लावत होता. पण दुकानात गाणी मोठ्याने लावलेली, काही कळायला मार्ग नाही. शेवटी तिथली मॅनेजरबाई काळजीने विचारायला आली, काही बिघडलंय का. आता हा माणूस कसा, तर हॉटेलात गार जेवण आलं तरी निमूट खाईल, वेटरला हाक मारणार नाही. तो सरळ तिला म्हणाला, माझी बायको व्हॉइस आर्टिस्ट आहे, आम्हाला एखादी शांत खोली मिळेल का? श्यामलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

बाईंनी आम्हाला मागच्या गोदामात नेलं. खोक्यांच्या रांगांमध्ये श्यामला एका स्टुलावर बसली, बिनपंख्याचा एक चपटा लॅपटॉप मांडीवर घेऊन रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोनवरून उतारा वाचायला लागली. पहिलं वाक्य जरा अडखळलं. दुसऱ्या वाक्याला ती खुलली. ट्रॉली ढकलत येणारे दोन कामगार थांबले. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण तिचं वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही.

मग शशिधरने हेडफोन लावला. लग्न ठरलं तेव्हाच श्यामलाचा रेडिओ सुटला होता, त्यामुळे याने तिचा तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो उभ्या उभ्या ऐकत राहिला. ऐकून संपलं तरी हेडफोन काढेना. काढला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"मागे काही नाहीये," तो म्हणाला. "फक्त तू आहेस."

मला भरून आलं. राग मात्र पूर्ण गेला नाही, थोडा मी अजून ठेवला आहे.

नमुना वेळेत गेला. आठवडा संपायच्या आत श्यामला घरातल्या स्लीपर्समध्येच माझ्याकडे धावत आली आणि दारात उभी राहून हसत रडत होती. नमुना पसंत झाला होता, आणि अख्खी कादंबरी तिच्या हाती दिली होती. दोन पंख्यांचं ते धूड आता शशिधर वापरतो. खानझोड्यांच्या घरात बायकोला नको झालेला लॅपटॉप नवऱ्याकडे गेला, हे मी येईल त्याला सांगते.

कादंबरी बाहेर आली ती इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या सुमारास. हॉलमध्ये पंगत रंगली होती, श्यामला श्रीखंड वाढत होती. अचानक शशिधरने माईक घेतला. "एक मिनिट, प्लीज. बिनपंख्याचा लॅपटॉप घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आय वॉज राँग. आता हे ऐका."

त्याने स्पीकर जोडला आणि श्यामलाचा आवाज हॉलभर पसरला. जेवताना आमच्या मंडळाला गप्प करणं आजवर एकाही अध्यक्षाला जमलेलं नाही. त्या दिवशी चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला. मुलाकडे आलेले नागपूरचे एक आजोबा पानावरून मान वर करून इकडेतिकडे बघायला लागले.

"कोण हो ही? आकाशवाणीवरची दिसते."

श्यामला त्यांच्याच पुढ्यात श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "मीच ती."

"काय म्हणालीस?" आजोबांनी विचारलं.

तिने पातेलं खाली ठेवलं, ताठ उभी राहिली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मीच ती, काका. श्यामला खानझोडे."